वर्षानुवर्षे टिकणारी अवजारे आणि इंजिनावरची यंत्रे : घेताना काय पाहावे, नंतर काय जपावे?

रानवाट
ब्रशकटर, चेनसॉ, इंजिनावरचा पाण्याचा पंप, कुऱ्हाड, छाटणीची कात्री असा सगळा संच एकदाच घ्यायचा आणि पंधरा-वीस वर्षे वापरायचा, असा बेत आहे. खोक्यावर सीसी, हॉर्सपॉवर, वॉरंटी असे आकडे असतात, पण त्यावरून यंत्र किती टिकेल ते कळत नाही. एक यंत्र वीस वर्षे कुरकुर करत नाही आणि हुबेहूब तसेच दिसणारे दुसरे पुढच्याच हंगामात दोरी ओढून हात भरून आले तरी सुरू होत नाही. हा फरक नेमका कुठे असतो? 'चांगल्या कंपनीचे घ्या' याच्या पलीकडचे हवे आहे. भाग, मापे, तेल, कुठे काय बिघडते आणि का, हे जाणकारांनी सविस्तर लिहावे.

वाचनमात्र
रुमाल टाकून ठेवतो. जाणकारांची वाट बघतोय.

पाना_पक्कड
पहिली कसोटी : यंत्र उघडता येते का? टिकाऊ यंत्र म्हणजे न बिघडणारे यंत्र नव्हे, बिघडले की दुरुस्त करता येणारे यंत्र. रबर, सील, स्प्रिंग, डायफ्रॅम (कार्ब्युरेटरमधला पातळ लवचिक पडदा) हे भाग झिजणारच. ते सुटे मिळतात का, एवढाच प्रश्न.

म्हणून दुकानात जायच्या आधी त्या मॉडेलचा सुट्या भागांचा नकाशा शोधा. प्रत्येक भाग सुटा करून दाखवलेले चित्र आणि शेजारी क्रमांक, असा तो असतो. त्यात कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम संच, क्रँकचे सील, दोरीच्या स्टार्टरची स्प्रिंग, क्लचची स्प्रिंग आणि इग्निशन कॉइल हे पाच भाग वेगवेगळ्या क्रमांकाने असले पाहिजेत. नकाशाच नसेल किंवा 'स्टार्टर पूर्ण', 'इंजिन पूर्ण' असेच विकत असतील, तर ते यंत्र वापरून फेकण्यासाठी बनवलेले आहे.

दुसरे म्हणजे क्रँककेस, म्हणजे क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो तो इंजिनाचा खालचा डबा. टू-स्ट्रोक यंत्रांत दोन पद्धती दिसतात. एकीत क्रँककेसचे उभे दोन भाग असतात, बेअरिंगे त्यांत घट्ट बसवलेली असतात आणि सिलिंडर वरून वेगळा बोल्टने लागतो. दुसरीत सिलिंडरचा खालचा भाग आणि एक झाकण यांच्यामध्ये बेअरिंगे चिमटीत धरल्यासारखी असतात, सांधा फक्त सीलंटने बंद केलेला. दुसरी हलकी आणि स्वस्त पडते, कधीमधी वापरायला वाईट नाही. रोजच्या कामाला पहिलीच घ्यावी.

तिसरी गोष्ट हाताने कळते. इंजिन बंद असताना क्लचच्या बाजूचा शाफ्ट वर-खाली हलवून बघा. तिथे जाणवेल असा ढिलेपणा नव्या यंत्रात चालतच नाही. दोरी सावकाश ओढा. कॉम्प्रेशनचा अडथळा स्पष्ट लागला पाहिजे आणि सोडल्यावर दोरी शेवटच्या वितीपर्यंत आत गेली पाहिजे.

चौथा_स्ट्रोक
पाना_पक्कड यांच्याशी सहमत. पंपासाठी चार-स्ट्रोक इंजिनच घ्या, तिथे वजनाचा प्रश्न नसतो. होंडाची जीएक्स मालिका १९८३ पासून आहे. जीएक्स १६० म्हणजे १६३ सीसी, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ४५ मिमी, ओव्हरहेड व्हॉल्व्ह, सिलिंडरला बिडाची बाही. अॅल्युमिनियमच्या नुसत्या भोकापेक्षा ही बाही कितीतरी सावकाश झिजते. इतर अनेक कारखान्यांनी तीच रचना उचलल्यामुळे तिची तत्त्वे बऱ्याच इंजिनांना लागू पडतात. मापे मात्र आपापल्या पुस्तिकेतलीच घ्यावीत.

तेल : साधारण ०.६ लिटर, १०डब्ल्यू-३०. पहिला बदल २० तासांनी किंवा महिन्याने, कारण नव्या भागांची घासून निघालेली धातूची कणी त्या पहिल्या तेलात असते. नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. या इंजिनांना तेलाचा फिल्टर नसतो, त्यामुळे तेल बदलणे हीच गाळणी. पातळी बघताना यंत्र सपाट जागी ठेवा आणि डिपस्टिक आट्यांत न फिरवता नुसती टेकवून बघा. फिरवून बघितली तर ती खोल जाते, पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि इंजिन कमी तेलावर चालत राहते.

व्हॉल्व्हची फट कोणी बघतच नाही. दर ३०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, इंजिन पूर्ण थंड असताना, कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला पिस्टन आणून : इनटेक ०.१५ मिमी, एक्झॉस्ट ०.२० मिमी. फिलर गेजची (फट मोजायची) पट्टी हलकी घासत सरकली पाहिजे, अडकायला नको आणि सुळकन जायलाही नको. व्हॉल्व्ह बसता बसता सीटमध्ये खोल जातो आणि फट कमी होत जाते. फट संपली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, गरम वायू कडेने निसटतात आणि व्हॉल्व्हची कड जळते. थंड असताना सुरू होणारे आणि गरम झाल्यावर हट्ट करणारे इंजिन आले की आधी ही फट बघावी.

निळा_धूर
टू-स्ट्रोकबद्दल मी लिहितो, कारण सर्वाधिक यंत्रे पेट्रोल आणि तेलाच्या मिश्रणाच्या चुकीने मरतात.

५०:१ म्हणजे एका लिटरला २० मिली तेल. २५:१ म्हणजे ४० मिली. पाच लिटरच्या डब्याला ५०:१ ने १०० मिली. बाटलीच्या झाकणाने किंवा अंदाजाने ओतू नका, औषधाचे मापाचे भांडे किंवा सिरिंज घ्या. आधी अर्धे पेट्रोल, मग सगळे तेल, झाकण लावून हलवा, मग उरलेले पेट्रोल, पुन्हा हलवा. यंत्रात भरण्याआधी प्रत्येक वेळी डबा हलवा.

तेल हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाचेच हवे. डब्यावर जासो एफडी (टू-स्ट्रोक तेलाची जपानी प्रत) लिहिलेले बघा. चार-स्ट्रोकचे तेल यात घालू नका, ते जळण्यासाठी बनवलेले नसते. त्याची राख प्लगवर आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी बसते.

घट्टनट
थोडे जास्त तेल घातले तर इंजिन जास्त सुरक्षित, नाही का? आमच्याकडे सगळे ५०:१ च्या यंत्राला ३०:१ वापरतात.

निळा_धूर
नाही, घट्टनट. दोन कारणे. कार्ब्युरेटरच्या छिद्रातून जाणाऱ्या थेंबात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा वाटा घटतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, इंजिन गरम. दुसरे, न जळालेले तेल मफलरमधल्या ठिणगीरोधक जाळीत साचते. ती अर्धी बुजली की यंत्र रिकामे छान चालते आणि गवतात घातले की दम टाकते. लोक कार्ब्युरेटर बदलतात, पिस्टन बदलतात आणि दोष असतो बोटाच्या पेराएवढ्या जाळीत. मफलरचा स्क्रू काढा, जाळी बाहेर घ्या, तारेच्या ब्रशने घासा. दहा मिनिटांचे काम.

पुस्तिकेत जे प्रमाण असेल तेच ठेवा. आणि मफलर काढलाच आहे तर त्या तोंडातून पिस्टन बघून घ्या, टॉर्च मारून. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर वंगण कमी पडले किंवा इंजिन फार तापले. कार्ब्युरेटर काढून इनटेकच्या बाजूने बघितल्यावर पिस्टन निस्तेज, घासल्यासारखा असेल तर एअर फिल्टरमधून धूळ आत गेली. पिस्टनवरचे डाग खोटे बोलत नाहीत.

पाना_पक्कड
+१. आणि फोमचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्याने धुवा, पिळू नका, दाबा. पूर्ण वाळला की तेलाचे थोडे थेंब टाकून मुठीत दाबत पसरवा. पेट्रोलने धुतला तर फोमचा चुरा होतो आणि तो चुरा थेट सिलिंडरमध्ये.

तेलकट_बोटे
मूळ प्रश्नातले 'पुढच्या हंगामात सुरू होत नाही' हे वाक्य पुन्हा वाचा. त्याचे उत्तर बहुतेक वेळा इंजिनात नसते, टाकीत राहिलेल्या पेट्रोलात असते.

इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेते. ओलावा एका मर्यादेपलीकडे गेला की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर धरतात. इंधनाची नळी टाकीच्या तळातूनच ओढते, म्हणजे पहिला घोट पाण्याचाच. वर कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलाचा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट पिवळा थर राहतो. तो केसाएवढ्या छिद्रांत बसतो. डायफ्रॅम कडक होतो. कडक झालेला डायफ्रॅम ओळखायचा कसा? हातात धरून हलवा. चांगला असेल तर तो मऊ, आवाज न करता वाकतो. कडक झालेला पापुद्र्यासारखा कडकड वाजतो.

मिश्रण महिनाभरात संपेल एवढेच करा. काम संपले की टाकी रिकामी करा, प्रायमरचा फुगा दाबून उरलेले मागे काढा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

कार्ब्युरेटर उघडायचा झाला तर खाली पांढरे फडके अंथरा आणि प्रत्येक झाकण काढल्याबरोबर फोटो घ्या. मापनाच्या बाजूला, म्हणजे ज्या झाकणाला मधोमध हवेचे भोक असते तिकडे, बहुतेक डायफ्रॅम कार्ब्युरेटरांत आधी गॅस्केट मग डायफ्रॅम येतो. पंपाच्या बाजूला उलट, आधी डायफ्रॅम मग गॅस्केट. हा क्रम उलटसुलट झाला की नवा संच टाकूनही यंत्र सुरू होत नाही आणि संचाला बोल लागतो. आतली छोटी तरफ वाकवू नका. ती थोडी उंच झाली की सुई उघडी राहून पेट्रोल तुंबते, खाली गेली की इंजिनाला इंधन कमी पडते.

चौथा_स्ट्रोक
टाकी कोरडी करण्याला माझा थोडा विरोध आहे. रबराचे भाग कोरडे पडले की आकसतात. स्थिर, इथेनॉल नसलेले इंधन भरून ठेवलेले बरे.

तेलकट_बोटे
इथेनॉल नसलेले असेल तर तुमचे म्हणणे मान्य. अल्किलेट इंधन (इथेनॉल नसलेले, शुद्ध केलेले पेट्रोल) डब्यात मिळते, ते साठवणुकीत खराब होत नाही आणि डायफ्रॅमलाही त्रास देत नाही. शेवटची टाकी त्याची चालवून तसेच ठेवणे हा सगळ्यात चांगला मार्ग. पण पेट्रोल पंपावरचे साधे पेट्रोल असेल तर रिकामेच करा. आकसलेला डायफ्रॅम बदलता येतो, बुजलेले आतले छिद्र कधी कधी मोकळेच होत नाही. तुमच्या पाण्याच्या पंपाच्या कार्ब्युरेटरला तर तळाशी निचऱ्याचा स्क्रू असतो. इंधनाचा कॉक बंद करा, स्क्रू अर्धा फिरवा, वाटीत काढा. दोन मिनिटे.

चौथा_स्ट्रोक
पंपाबाबत मान्य. तिथे फ्लोटचा कार्ब्युरेटर असतो, डायफ्रॅमचा प्रश्नच नाही.

लिथियम
कार्ब्युरेटरच नको म्हणून बॅटरीची यंत्रे घ्या ना! फिल्टर नाही, प्लग नाही, मिश्रण नाही. ब्रशलेस मोटरमध्ये घासणारा कार्बनही नाही, झिजणारी गोष्ट म्हणजे फक्त बेअरिंगे.

निळा_धूर
आणि बॅटरी?

लिथियम
बरोबर, तीच खरी गोम. आयुष्य मोटरचे नाही, बॅटरीचे मोजायचे. १८ व्होल्टच्या डब्यात पाच सेल एका ओळीत असतात, ५ अँपिअर-तासाची असेल तर ९० वॉट-तास ऊर्जा. एक लिटर पेट्रोलात साधारण ९००० वॉट-तास. छोटे इंजिन त्यातला पाचवा हिस्साच कामाला लावते असे धरले तरी १८०० वॉट-तास, म्हणजे तसल्या वीस बॅटऱ्या. दिवसभर गवत कापायचे असेल तर हे गणित आधी मांडा. अर्ध्या तासाची छाटणी असेल तर बॅटरी उत्तमच.

बॅटरी टिकवायला तीन गोष्टी. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून कपाटात ठेवू नका, ४० ते ६० टक्क्यांवर ठेवा. वापरून गरम झालेली लगेच चार्जरवर चढवू नका, हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. आणि ठेवलेल्या बॅटरीचे दिवे दर तीन महिन्यांनी बघा. आतले सर्किट थोडी थोडी वीज खातच असते. सेल फार खाली गेला की चार्जर ती बॅटरी स्वीकारत नाही आणि लोक समजतात की बॅटरी जळाली.

घेताना एवढेच बघा की त्या बॅटरीचा खाचा त्या कंपनीने किती वर्षे बदललेला नाही. मोटर ठणठणीत आणि बॅटरी मिळत नाही, यासारखे दुःख नाही.

कानस
चेनसॉबद्दल अजून कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. चेनसॉचे आयुष्य साखळीच्या धारेवर आहे. बोथट साखळीने माणूस यंत्र दाबतो, बार (साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी) तापतो, क्लच घसरतो, इंजिन पूर्ण थ्रॉटलवर ताणले जाते. भुसा बघा : जाडसर छिलके पडत असतील तर धार आहे, पिठासारखा पडला तर थांबा.

गोल कानस साखळीच्या मापाची हवी. ३/८ इंची कमी उंचीच्या साखळीला ४ मिमी, ०.३२५ इंचीला ४.८ मिमी, पूर्ण ३/८ इंचीला ५.२ किंवा ५.५ मिमी. कानसेचा वरचा पाचवा भाग दाताच्या माथ्याच्या वर राहिला पाहिजे. कोन साधारण ३० अंश, दाताच्या माथ्यावर कोरलेली रेघ असते तिला समांतर. फक्त पुढे ढकलताना दाब, मागे आणताना उचलून. प्रत्येक दाताला सारखेच हात, समजा तीन. सगळ्यात आखूड दात शोधून बाकीचे त्याच्याएवढे करा, नाहीतर साखळी एका बाजूला ओढते आणि काप वाकडा जातो.

दातापुढचा बुटका उंचवटा, त्याला खोलीमाप म्हणा, बहुतेक साखळ्यांत दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिमी खाली हवा. दात घासून खाली गेला आणि खोलीमाप तसेच राहिले की कितीही धार लावा, साखळी लाकडावरून नुसती सरकते. चार-पाच वेळा धार लावली की पट्टी ठेवून सपाट कानशीने ते उतरवा. घाईत जास्त उतरवले तर साखळी हिसके देते आणि ते जिवाशी खेळणे आहे.

बार प्रत्येक धारेच्या वेळी उलटा करून लावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. तेलाचे बारीक भोक काडीने साफ करा. तेल येते का बघायला बारचे टोक कोऱ्या कागदाच्या वर धरून थ्रॉटल द्या, दोन-चार सेकंदांत तेलाची रेघ उमटली पाहिजे. काम संपल्यावर साखळी सैल करा. गरम असताना ताणलेली साखळी थंड होताना आखडते आणि शाफ्टच्या बेअरिंगला ओढून धरते.

घट्टनट
वाचनखूण साठवली. खोलीमापाचे कोणी सांगतच नाही.

दांडा
यंत्रांच्या गर्दीत कुऱ्हाड राहिली. चांगले पाते पिढ्यान्‌पिढ्या टिकते, दांडा बदलत राहतो. दांडा घेताना त्याचे खालचे टोक बघा. तिथे लाकडाच्या रेषा पात्याच्या दिशेत, म्हणजे टोकाच्या लांब अक्षाला समांतर धावल्या पाहिजेत. आडव्या असतील तर घावाच्या झटक्याने तो रेषेवर फाटतो. बाजूने पाहिले तर रेषा वरपासून खालपर्यंत अखंड हव्यात, मध्येच बाहेर निसटलेल्या नकोत. रंग किंवा जाड वॉर्निश लावलेला दांडा घेऊ नका, खाली काय आहे ते दिसत नाही.

बसवताना पाते जमिनीवर ठेवून वरून ठोकू नका. दांडा हातात उभा धरा, पाते खाली अधांतरी लटकलेले, आणि दांड्याच्या वरच्या बुडख्यावर लाकडी हातोड्याने ठोका. दांडा खाली जातो, जड पाते जागच्या जागी राहते आणि टोल्यागणिक पाते दांड्यावर वर चढत जाते. टोल्याचा आवाज पोकळ असेपर्यंत ठोकत राहा, भरीव आला की बसले. पाचरीसाठी दांड्यात पाडलेली चीर पात्याच्या भोकाच्या खोलीच्या दोन-तृतीयांश. पाचर कोरड्या लाकडाची.

आणि ढिली कुऱ्हाड पाण्यात भिजत घालणे सोडा. लाकूड फुगते, पण बाहेर लोखंड आहे, जायला जागा नाही. तंतू चेपले जातात. वाळल्यावर ते आधीपेक्षा बारीक होतात आणि पाते जास्त ढिले. पाण्याऐवजी जवसाचे तेल लावा, ते लाकडात सुकून घट्ट होते. तेलाचे फडके मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

कानस
धारेला ग्राइंडर लावणाऱ्यांसाठी : पोलाद निळे झाले की त्या जागेचे पाणी उतरले, म्हणजे कडकपणा गेला. साधारण ३०० अंश सेल्सिअसला तो रंग येतो आणि पुढे ती धार दोन घावांत वळते. बोट टेकवता येईल इतकेच गरम होऊ द्या, सारखे पाण्यात बुडवा. कानस हळू आहे, पण पाणी उतरवत नाही.

रानवाट
भरभरून लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. छाटणीच्या कात्रीचे राहिले. आणि पाना_पक्कड यांच्या पहिल्या कसोटीवर कुठली कात्री उतरते?

पाना_पक्कड
त्या कसोटीचे उत्तम उदाहरण म्हणजे १९४५ साली स्वित्झर्लंडमध्ये सुरू झालेल्या फेल्कोच्या कात्र्या. पाते, प्रतिपाते, स्प्रिंग, बोल्ट सगळे सुटे मिळते. कोणतीही घ्या, मधला सांधा रिव्हेटचा नको, नट-बोल्टचा हवा. धार फक्त उताराच्या बाजूला लावा, सपाट बाजूला आलेली कूस (धार लावताना वळलेली धातूची बारीक कड) नुसत्या एका हलक्या हाताने काढा. सपाट बाजू घासली की दोन पात्यांत फट पडते आणि ओली फांदी कापली न जाता मध्ये दुमडते. नट किती आवळायचा? स्प्रिंग काढून कात्री उघडा आणि एक मूठ सोडा. ती आपल्या वजनाने सावकाश मिटली की ताण बरोबर.

तुमच्या मूळ प्रश्नावर : सगळा संच एकाच दिवशी घेऊ नका. पंप आणि कुऱ्हाड आधी घ्या, त्यांची निवड सोपी आहे. ब्रशकटर घेताना दुकानातच डायफ्रॅम संच, इंधनाची नळी, टाकीतला फिल्टर आणि प्लग मागून बघा. समोर काढून दिले तर यंत्र घ्या. 'मागवून देतो' म्हणाले तर दुसरे दुकान.

वाचनमात्र
रुमाल उचलतो आणि एकच विचारतो. ब्रशकटरच्या पात्याचा नट कुठल्या बाजूला सुटतो? जोर लावून तो अजून घट्ट होतोय.

निळा_धूर
बहुतेक ब्रशकटरांत आटे उलटे असतात. घड्याळाच्या दिशेने सुटतो, उलट दिशेने आवळतो. आधी प्लगची टोपी काढा. गिअरच्या डोक्यात बाजूला भोक आहे, त्यात पुस्तिकेबरोबर आलेली सळई घाला आणि पाते हळू फिरवा. भोके एका रेषेत आली की सळई आत जाते आणि शाफ्ट अडतो. परत लावताना पात्याचे मधले भोक खालच्या चकतीच्या उंचवट्यावर नीट बसले आहे का, ते बोट फिरवून बघा. तिरपे बसले तर थरथर सुरू होते आणि गिअरचे बेअरिंग जाते. नट हाताने सहज फिरत असेल तर त्यातली पकड संपली आहे, नवा घाला. आणि गिअरच्या डोक्याचा स्क्रू उघडून ग्रीस दिसते का तेही याच वेळी बघून घ्या. दर २०-२५ तासांनी थोडे भरावे लागते. ठासून भरू नका, तापल्यावर सीलमधून बाहेर पडते.